रेंडरसाठी दुसरं मशीन: सकाळी परत द्यावं न लागणारं

फोंड्याजवळ राहणाऱ्या एका तरुण ॲनिमेटरचा प्रश्न आहे. घरातल्याच एका खोलीत स्टुडिओ, काम ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या मोफत सॉफ्टवेअरवर, आठ जीबी मेमरीच्या ग्राफिक्स कार्डाचा एक पीसी. गणेश चवथीच्या माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीवर, सहा मिनिटांची फिल्म चालू आहे. ब्लेंडरच्या सायकल्स या इंजिनात एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे सीनमधून अंतिम चित्र तयार व्हायला, सरासरी सहा मिनिटं लागतात. दिवसा त्या पीसीवर काम, रात्री त्यावरच रेंडर. हाताशी सव्वा लाख रुपये आहेत. त्यांचं विचारणं असं: महागडा प्रोसेसर घेऊ, आहे त्याच पीसीत आणखी एक कार्ड बसवू, की वेगळं मशीन बांधू?

वेगळं मशीन बांधा. पण कुठलं कार्ड घ्यायचं हे ठरवण्याआधी कागद-पेन घेऊन बसा.

सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सहा मिनिटांच्या ९,००० फ्रेम होतात. फ्रेमला सहा मिनिटं म्हणजे एकूण ५४,००० मिनिटं, म्हणजे ९०० तास. मशीन रात्रंदिवस चाललं तर साडेसदतीस दिवसांचं काम. पण तुमचं मशीन रात्रंदिवस चालत नाही. रात्री अकराला रेंडर लावता, सकाळी सातला थांबवता. आठ-आठ तासांच्या रात्री मोजल्या तर ११३ रात्री लागतात. पावणेचार महिने, तेही एकही फ्रेम पुन्हा काढावी लागली नाही असं धरून.

आता अगदी त्याच वेगाचं दुसरं मशीन शेजारी आणून ठेवा. ते दिवसाचे चोवीस तास देईल, पहिलं रात्रीचे आठ. रोजचे बत्तीस तास झाले, आणि ९०० तास अठ्ठावीस दिवसांत उरकले. मशीनं दोन झाली आणि काम चौपट लवकर झालं, कारण दुसरं मशीन सकाळी सातला तुम्हाला परत द्यावं लागत नाही. मी चौदा वर्षं घरातूनच हे काम करतो आणि ओळखीच्या प्रत्येकाला हे एवढंच सांगतो. मशीन किती पळतं हे नंतर बघा. तुम्ही झोपलेले असताना, म्हापशाला बाजाराला गेलेले असताना, घरात पाहुणे असताना ते कुणाच्या लक्षाविना चालत राहील का, हे आधी बघा. पुढचा प्रत्येक निर्णय या एका प्रश्नावर घासून घ्या.

आहे त्या पीसीत दुसरं कार्ड बसवू नका, ते याच कारणासाठी. स्वस्त पडेल, एकेक फ्रेम लवकर निघेल, पण दिवसा तो पीसी तुम्हाला हवाच असतो. शिवाय या वर्गातल्या दोन कार्डांची मेमरी एकत्र होत नाही. दोन्ही कार्डांवर अख्खा सीन वेगवेगळा चढतो, म्हणून आठ आणि आठ सोळा होत नाहीत, आठच राहतात. प्रोसेसरचं म्हणाल तर सायकल्स प्रोसेसरवरही रेंडर करतं, पण तेवढ्याच पैशांत कार्ड कितीतरी जास्त काम देतं.

खरेदीच्या आधी आणखी एक गोष्ट करा, जिला पैसे लागत नाहीत. फ्रेमचा वेळ सहा मिनिटांवरून चारवर आणता आला तर ९०० तासांचे ६०० होतात. त्यावर दुसरं मशीन आलं की अठ्ठावीस दिवसांचे एकोणीस. चवथ तोंडावर असताना ते नऊ दिवस कुठल्याही दुकानात मिळत नाहीत.

माटोळीचाच सीन घ्या. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंग, कवंडळं, वर पानांचे झुबके. समजा तीस प्रकारची फळं-पानं आहेत आणि प्रत्येकावर चढवायची दोन टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागाची चित्रं: एक रंगाचं व एक नॉर्मलचं, म्हणजे उंचसखलपणाचं, दोन्ही ४०९६ पिक्सेलची. डिस्कवर ती जेपेगमध्ये दोन-तीन एमबीची दिसतात, म्हणून कुणाला खुपत नाहीत. पण कार्डावर जाताना टेक्श्चर उलगडतं. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एकेक टेक्श्चर ६४ एमबीचं. साठ टेक्श्चर म्हणजे पावणेचार जीबी, आणि अजून एकही पान उभं राहिलेलं नाही. टेक्श्चर सोळा बिटचं असेल तर हाच आकडा दुप्पट. तीच साठ टेक्श्चर २०४८ पिक्सेलवर आणलीत तर जीबीच्याही आत बसतात. तुमची फिल्म १९२० पिक्सेल रुंदीची आहे. त्यात जे आंबाडं दीडशे पिक्सेलएवढं दिसतं, त्याला ४०९६ चं टेक्श्चर कशाला? कॅमेरा जवळ जातो ती दोन-तीन फळं तेवढी मोठी ठेवा.

तसंच पानांचं. पान कॉपी करताना शिफ्ट-डी दाबलं की प्रत्येक पानाची जाळी (मेश, म्हणजे त्याचा आकार) वेगळी साठते. ऑल्ट-डी दाबलं की जाळी एकच राहते, नुसती जागा बदलते. हजारभर पानांच्या सीनमध्ये या एका सवयीनं कार्ड वाचतं. जिऑमेट्री नोड्सनं पानं पसरलीत तर ती तशी इन्स्टन्स म्हणूनच, म्हणजे एकाच जाळीच्या नकला म्हणून राहतात, मात्र शेवटी रिअलाइझ इन्स्टन्स लावून त्यांच्या वेगळ्या जाळ्या करून टाकू नका. आणि सॅम्पल (दर पिक्सेलमागे सोडायचे किरण) कमी करून डिनॉइझवर, म्हणजे चित्रातले दाणे पुसणाऱ्या सोयीवर, भिस्त ठेवायची असेल तर एका स्थिर फ्रेमवर निर्णय घेऊ नका. वीस-पंचवीस फ्रेम चालवून बघा. स्थिर चित्रात गुळगुळीत दिसणारी भिंत हलत्या चित्रात खदखदताना दिसते.

हे झाल्यावर खरेदी. कार्ड वेगापेक्षा मेमरीवर निवडा. कार्ड मंद असेल तर फ्रेमला दोन मिनिटं जास्त लागतील. मेमरी अपुरी पडली तर फ्रेम निघणारच नाही, किंवा संगणकाच्या रॅमचा आधार घेत रखडत निघेल, आणि हे तुम्हाला सकाळी उठल्यावर कळेल. बारा जीबीपेक्षा कमी घेऊ नका, सोळा मिळालं तर उत्तम. सायकल्ससाठी मी एनव्हिडियाचं कार्ड घेतो, कारण ऑप्टिक्स या एनव्हिडियाच्या रेंडर पद्धतीमुळे कार्डातल्या रे-ट्रेसिंगच्या, म्हणजे प्रकाशकिरण मोजणाऱ्या भागाचा पूर्ण उपयोग होतो. एएमडीची कार्डंही एचआयपी या त्यांच्या पद्धतीवर चालतात, पण एकट्यानं काम करणाऱ्याला अडचण आली तर एनव्हिडियावर मदत लवकर मिळते. दुकानात एक गोष्ट नीट वाचून घ्या. आरटीएक्स ३०६० बारा जीबीचं निघालं तसं आठचंही निघालेलं आहे. ४०६० टीआय आणि ५०६० टीआय ही दोन्ही आठ आणि सोळा अशा दोन मापांत आली. खोक्यावरचं नाव तेच असतं. बिलावर जीबीचा आकडा लिहून घ्या.

वापरलेल्या कार्डांबद्दलही विचारलंत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि महिनोन्‌महिने तापत राहिलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यातली काही उत्तम चालतात. रोज डोळ्यांसमोर असलेल्या पीसीसाठी मी तसं कार्ड घेईनही. रात्री एकट्यानं चालणाऱ्या मशीनसाठी नाही. तिथं बिल आणि वॉरंटी हवीच.

बाकीचं भरभर सांगतो. प्रोसेसर सहा किंवा आठ कोरचा, ६५ वॉटच्या वर्गातला चालेल. प्रत्येक फ्रेमआधी सीन तयार करायचं काम त्याच्याकडे असतं, म्हणून अगदीच जुना नको. रॅम ३२ जीबी, दोन पट्ट्यांत. एक टीबीची एसएसडी. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, ६५० वॉटचा, चांगल्या नावाचा. एवढ्या कार्डाला तो निम्म्यावरच चालेल, आणि निम्म्या भारावर एसएमपीएस कमी तापतो, जास्त टिकतो. कॅबिनेट पुढून जाळीचं, काचेचं नको. मॉनिटर लागत नाही, आधीचाच वेळप्रसंगी जोडा. दिव्यांची रोषणाई नको.

इथवरचं सगळं पुण्या-मुंबईच्या माणसालाही सांगितलं असतं. यापुढचं आपल्या हवेचं आहे आणि माझ्या मते यावरच तुमचं मशीन तीन वर्षं टिकेल की एका पावसात जाईल हे ठरेल. चवथीची फिल्म म्हणजे रेंडर आषाढ-श्रावणात. वर्षातली सगळ्यात दमट हवा आणि सगळ्यात बेभरवशाची वीज, नेमकी तेव्हाच.

आधी अर्थिंग. जुन्या चिऱ्याच्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकामागे कधीकधी काहीच नसतं. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर मशीन घेण्याआधी अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या. सर्ज प्रोटेक्टरला जादा दाब जमिनीत सोडायचा असतो, अर्थ नसेल तर त्याची निम्म्याहून अधिक शक्ती गेली. विजा चमकतात त्या पाऊस सुरू होण्याआधी मे महिन्यात आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरला. तेव्हा नुसता प्लग काढून भागत नाही, राउटरकडून येणारी लॅन केबलही काढा. माझा एक मदरबोर्ड त्याच वाटेनं गेला. प्लग काढलेला होता, केबल राहिली होती.

मग यूपीएस. यूपीएसवर लिहिलेला व्हीए म्हणजे वॉट नव्हे. बाजारातला १,००० व्हीएचा यूपीएस बहुधा ६०० वॉटच पेलतो. भिंतीतून ओढलेली वीज दाखवणारा छोटा मीटर मिळतो, तो लावून भर रेंडरमध्ये वॉट मोजा. तुम्हाला सांगितलेलं मशीन साधारण ३०० वॉटच्या आसपास राहील. चांगल्या एसएमपीएसना प्युअर साइन वेव्हचा यूपीएस मानवतो. स्वस्त यूपीएसची पायऱ्या-पायऱ्यांची लहर आली की काही एसएमपीएस बॅटरीवर जाण्याच्या क्षणीच बंद पडतात, म्हणजे ज्यासाठी यूपीएस घेतला तेच होत नाही. यूपीएसचं काम झटके सोसणं आणि लाइट यायला उशीर झाला तर मशीन नीट बंद करणं, एवढंच. त्याची यूएसबी केबल मशीनला जोडा आणि पाच मिनिटांनी आपोआप शटडाउन लावून ठेवा.

घरच्या इन्व्हर्टरवर रेंडर चालवायचा मोह होतो. १५० एएचची एक बॅटरी नवी असताना ३०० वॉट तीन तास ओढेल. घरातले पंखे-दिवे त्याच बॅटरीवर आहेत. घरच्यांना उकाड्यात बसवून तीस-चाळीस फ्रेम काढण्यात अर्थ नाही. लाइट येईपर्यंत मशीन बंद राहू द्या.

लाइट आल्यावर ते आपणहून सुरू झालं पाहिजे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, ती चालू होण्यावर ठेवा. मशीन उठल्याबरोबर रेंडर सुरू होईल अशी व्यवस्था करा. विंडोज असेल तर स्लीप बंद करा आणि अपडेटचा रीस्टार्ट फिल्मच्या काळात पुढे ढकला.

वीज किती जाईल? ३०० वॉट चोवीस तास म्हणजे रोजचे सव्वासात युनिट. एकोणीस दिवसांचे साधारण १३५. आपल्या बिलातल्या टप्प्याच्या दरानं गुणून तो आकडा फिल्मच्या खर्चात लिहा. कार्डाची पॉवर लिमिट पाऊणावर आणलीत तर फ्रेम थोड्या सेकंदांनीच लांबते, पण कार्ड बरंच थंड राहतं. मी बारा महिने तशीच ठेवतो.

दमट हवेबद्दल लोकांची समजूत उलटी आहे. चालू मशीन गरम असतं, त्याला ओल धरत नाही. धोका बंद मशीनला आहे. जुलैत खोलीचा एसी वीसवर ठेवून रात्री पीसी बंद केलात, सकाळी खिडकी उघडलीत, की बाहेरची वाफाळ हवा त्या गार पत्र्यावर दवासारखी बसते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसंच. एसी सव्वीसवर ठेवा, आणि खिडकी उघडायची तर मशीन बंद करून नको. पावसात काम नसलं तरी मशीन रोज तासभर चालवा. तुम्ही फोंड्याला, समुद्रापासून आत आहात, म्हणून खाऱ्या हवेचा त्रास कमी. किनाऱ्याकडच्या मित्रांच्या मशीनमध्ये कनेक्टर काळवंडताना मी पाहिले आहेत. तुमच्याकडे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) जवळ असेल तर दुसरा त्रास: मुंग्या आणि पाली. एसएमपीएसची ऊब त्यांना आवडते. मागच्या मोकळ्या फटींना बारीक जाळी लावा, मशीन जमिनीवर न ठेवता फूटभर उंच ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.

आता दोन मशीनांनी काम वाटून कसं घ्यायचं. यासाठी फ्लेमेंको नावाचं ब्लेंडरवाल्यांचंच मोफत साधन आहे: एका मशीनवर मॅनेजर, दोन्हींवर वर्कर. मशीनं तीन-चार झाली की ते लावा. दोनच असतील तर ब्लेंडरमधली सोयच पुरते. आउटपुटचा फोल्डर दोन्ही मशीनांना सामायिक करा, ओव्हरराइट बंद करा, प्लेसहोल्डर चालू करा. मग प्रत्येक मशीन फ्रेम हाती घेताना त्या नावाची रिकामी फाइल आधी ठेवतं, आणि दुसरं मशीन ती सोडून पुढची घेतं. जोडणी लॅन केबलनं करा. चिऱ्याच्या भिंतीपलीकडे वाय-फाय दुबळा होतो.

यात एक खाच आहे. मधेच लाइट गेली की त्या क्षणी चालू असलेल्या फ्रेमची रिकामी फाइल तशीच राहते. लाइट आल्यावर मशीनला वाटतं ती फ्रेम झाली आहे, आणि ते पुढे जातं. म्हणून रोज सकाळी फोल्डर साइजनुसार लावा, शून्य केबीच्या आणि शेजारच्यांपेक्षा फारच लहान असलेल्या फाइली काढून टाका, रेंडर पुन्हा लावा. तेवढ्याच फ्रेम भरून निघतात. पण काढण्याआधी बघा, त्या क्षणी रेंडर होत असलेल्या फ्रेमचीही फाइल शून्यच दिसते. आउटपुट एमपीफोर कधीच नको. वीज गेली की अख्खी फाइल जाते. पीएनजी किंवा ईएक्सआर अशी फ्रेमगणिक वेगळी चित्रं काढा. १९२० बाय १०८० ची हाफ-फ्लोट (सोळा बिटची) ईएक्सआर दाबण्याआधी साडेसोळा एमबीची असते, ९,००० फ्रेमचे १५० जीबी धरून जागा ठेवा.

दुसरी खाच मला एका अख्ख्या रात्रीला पडली. शॉट साधा होता, दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण वाऱ्यानं हलतंय. सकाळी फ्रेम जोडून चालवल्या तर तोरण वेड्यासारखं फडफडत होतं. एकेक फ्रेम पुढे ढकलत पाहिलं तेव्हा उलगडलं: ६१ मध्ये तोरण डावीकडे झुकलेलं, ६२ मध्ये ओळंब्यात सरळ, ६३ मध्ये पुन्हा झुकलेलं. सरळ तोरणाच्या सगळ्या फ्रेम दुसऱ्या मशीनच्या होत्या. तोरण हलवणारं कापडाचं सिम्युलेशन माझ्या पीसीच्या मेमरीत चाललेलं होतं, डिस्कवर बेक केलेलं, म्हणजे काढून साठवलेलं, नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या मशीनला वाऱ्याचा पत्ताच नव्हता. कापड, धूर, पाणी, उडणारी पानं, जे जे मागच्या फ्रेमवर अवलंबून आहे ते आधी डिस्कवर बेक करा आणि तो साठा (कॅश) सामायिक फोल्डरमध्येच ठेवा.

याच जातीची आणखी तीन कारणं आहेत. ब्लेंडरची आवृत्ती दोन्हीकडे शेवटच्या आकड्यापर्यंत तीच हवी. डिनॉइझर तोच हवा, एकीकडे ऑप्टिक्सचा आणि दुसरीकडे ओपन इमेज डिनॉइझ असं झालं की एकाआड एक फ्रेमचा पोत बदलतो. आणि फाइलींचे पत्ते रिलेटिव्ह, म्हणजे ब्लेंडरच्या फाइलच्या जागेवरून धरलेले, करून घ्या, नाहीतर टेक्श्चर सापडलं नाही की नारळ गुलाबी होऊन येतो. निदान तो लगेच दिसतो.

आता तुमच्या आठ जीबीच्या जुन्या कार्डाचं. माटोळीचे भरलेले शॉट त्यात बसत नसतील तर ते नव्या मशीनकडे दिवस-रात्र लावा, आणि ओसरीवरचे, अंगणातले हलके शॉट रात्री जुन्याकडे. दोन्ही मशीनांनी प्रत्येक शॉट वाटून घेतलाच पाहिजे असं नाही.

पैसे द्यायच्या आधी एवढं करा. माटोळीची सगळ्यात जड फ्रेम निवडा, एक्स्टर्नल डेटामध्ये जाऊन टेक्श्चर फाइलमध्येच पॅक करा, आणि फाइल ब्लेंडरच्या त्याच आवृत्तीसकट पेनड्राइव्हवर घ्या. ब्लेंडर इन्स्टॉल न करताही फोल्डरमधून चालतं. पणजीला किंवा मडगावला ज्या दुकानात मशीन जोडून घेणार आहात, तिथं ती फ्रेम ऑप्टिक्सवर रेंडर करायला लावा. लागलेला वेळ लिहून घ्या, टास्क मॅनेजरमध्ये कार्डाच्या मेमरीचा चढलेला आकडा लिहून घ्या. सोळा जीबीच्या कार्डावर तो तेराच्या खाली राहिला तर तिथंच पैसे मोजा. वर गेला तर घरी येऊन आधी टेक्श्चर लहान करा, मग पुन्हा जा.